हातात पैसा आला की पोरं शाळेत टिकतात का? विदर्भातल्या गावांचा हिशोब

वर्धाकाठ (धागाकर्ता)

लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे १५०० रुपये जुलै २०२४ पासून सुरू झाले. तेव्हापासून पारावर, एसटीत, शाळेच्या व्हरांड्यात एकच वाद ऐकू येतो. एक बाजू म्हणते, बाईच्या हातात पैसा आला म्हणजे पोरं शाळेत टिकणारच. दुसरी म्हणते, सगळं किराण्यात आणि रिचार्जमध्ये जिरतं. गरीब घरांना रोख पैसे दिल्यावर मुलांच्या शाळेचं काय होतं, याचं मोजमाप जगात पंचवीस-तीस वर्षांपासून चालू आहे. ते आपल्या गावांना लावून पाहू, म्हणून हा धागा. राजकारण नको, त्याला दुसरे धागे आहेत.

मुळात पैसे देऊन शाळेत आणायची मुलं कोणती? ६ ते १४ वयात पटावर नाव नसलेलं मूल आता शोधून काढावं लागतं. ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातली या वयाची ९८ टक्क्यांहून जास्त मुलं पटावर होती. १५-१६ वयात मात्र ७.९ टक्के शाळेबाहेर (२०१८ मध्ये हाच आकडा १३.१ होता). पहिली-दुसरीच्या मुलामागे कितीही पैसा ओतला तरी पट वाढायला जागाच नाही. शाळा सुटते ती सांध्यावर. गावातली शाळा चौथीला नाहीतर सातवीला संपते आणि पुढचा वर्ग दुसऱ्या गावात असतो, तिथे.

मेक्सिकोत १९९७ साली 'प्रोग्रेसा' सुरू झाली, तेव्हा ५०६ गावं निवडून ३२० गावांत पैसे आधी दिले आणि १८६ गावांना थांबवलं, म्हणजे तुलना करता आली. दर दोन महिन्यांनी पैसे आईच्या हातात, अट ८५ टक्के हजेरीची, रक्कम वर्गागणिक वाढती, आणि माध्यमिकला मुलींना मुलांपेक्षा जास्त. प्राथमिकला फारसा फरक पडला नाही, कारण तिथली मुलं आधीच शाळेत होती. प्राथमिक संपवून माध्यमिकला जाण्याच्या टप्प्यावर फरक सगळ्यांत ठळक दिसला, मुलींमध्ये अधिक.

आता आपल्याकडे बघा. दुर्बल घटकांतल्या मुलींना उपस्थिती भत्ता १९९२ साली आला, तो पहिली ते चौथीसाठी. दिवसाला १ रुपया, वर्षाला जास्तीत जास्त २२० दिवसांचा. हा दर दशकानुदशके तोच. जिथे गळती नाही तिथे भत्ता, आणि जिथे आहे तिथे काही नाही.

माझं म्हणणं एवढंच की रक्कम किती हा दुसरा प्रश्न. कोणत्या वर्गाला, कोणत्या महिन्यात आणि कोणाच्या नावाने, हा पहिला. शाळेत, सेतूत, ग्रामपंचायतीत काम करणाऱ्यांनी दुरुस्त करावं.

---

खडूफळा

सांध्याबद्दल सहमत, पण विदर्भात खरा सांधा आठवी-नववीचा आहे असं मी म्हणेन. आठवीपर्यंत पुस्तकं फुकट, पात्र मुलांना गणवेश, दुपारचं जेवण, आणि शिक्षण हक्क कायद्याचं छत्र. नववीच्या पहिल्या दिवशी हे सगळं एकदम जातं. खिचडी थांबते, पुस्तकं विकत, फी आणि वह्यांचा खर्च वेगळा. गणित-विज्ञानाच्या शिकवणीची कुजबुजही तेव्हाच सुरू होते.

आणि महिना कोणता? उन्हामुळे आपल्या शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. नेमकी पेरणीची घाई. घरात असलेला-नसलेला पैसा बियाण्याच्या पिशव्यांत आणि खतात गेलेला. कापूस विकून पैसा येणार दिवाळीनंतर. घरातला पैसा सगळ्यांत आटलेला असतो त्याच आठवड्यात टीसी काढून दुसऱ्या गावच्या शाळेत नाव घालायचं असतं. 'पुढच्या वर्षी घालू' हे वाक्य बहुतेक वेळा जून-जुलैतच बोललं जातं, आणि पुढचं वर्ष येत नाही.

शिष्यवृत्तीचे पैसे कधी येतात? वर्ष सरत आल्यावर, कधी वर्ष संपल्यावर. मार्चमध्ये पडलेली रक्कम जूनमध्ये घ्यायचा निर्णय कसा बदलणार?

---

धुरकरी

राजेहो, शाळेचा खरा वैरी मास्तर नाई अन् बापही नाई, कापूस हाये. हिशोब करा. वेचाई किलोले १० रुपयाच्या आसपास धरा. शेवटच्या वेच्याले जास्त, काऊन का बोंड कमी अन् चालणं जास्त. सरावाची बाई दिवसाले ३०-४० किलो काढते. बारा-तेरा वर्षाची पोरगी १५-२०. म्हणजे १५० ते २०० रुपये रोज. दिवाळी ते संक्रांत ४० दिवस जरी गेली तरी ६ ते ८ हजार.

आता दुसऱ्या पारड्यात काय टाकता? सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती कित्येक वर्ष पाचव्या ते सातव्या वर्गाले महिन्याले ६० अन् आठव्या ते दहाव्याले १०० या दरानं चालली. दहा महिन्याचे हजार. पाच दिवसाची वेचाई झाली ते!

आणखी एक गोष्ट हिशोबात कोणी धरत नाई. सकाळी माय कमरेले ओटी बांधून तासात उतरते. धाकटं लेकरू धुऱ्यावरच्या बाभळीखाली, पालवात निजलेलं. त्याच्यापाशी नऊ-दहा वर्षाची पोरगी बसलेली. हे पोरगी एक बोंड वेचत नाई, एक रुपया कमवत नाई. पण ते तिथं बसली म्हणून संध्याकाळी काट्यावर मायचे ३५ किलो भरते. तिच्या गैरहजेरीची किंमत तिच्या मजुरीएवढी नाई, मायच्या मजुरीएवढी हाये. तिथं अंगणवाडी दिवसभर चालली तर ते पोरगी शाळेत दिसन. ६० रुपयानं नाई दिसत.

अन् स्वतःच्या वावरात वेचलं तर बोलूच नका. २०१६ च्या बालमजुरी कायद्याच्या दुरुस्तीत घरच्या कामाले शाळेच्या वेळेनंतर सूट ठेवली. त्या 'नंतर'कडे पाहते कोण?

---

वर्धाकाठ

धुरकरी, लेकरू सांभाळणाऱ्या पोरीचा मुद्दा लाखमोलाचा. रोख रकमेच्या अभ्यासांतही हेच दिसतं: ज्या कामाला पर्याय नाही ते काम पैशाने सुटत नाही.

अट घालावी की नाही यावर दोन अभ्यास लक्षात ठेवण्यासारखे.

मलावीत झोम्बा जिल्ह्यात २००८-०९ मध्ये मुलींच्या एका गटाला शाळेच्या हजेरीच्या अटीवर पैसे दिले, दुसऱ्याला बिनअटीचे. शाळा सुटण्याचं प्रमाण दोन्हीकडे घटलं, पण अटीच्या गटात बरंच जास्त. मात्र लवकर लग्न आणि कमी वयातलं बाळंतपण घटलं ते बिनअटीच्या गटात. कारण उघड आहे. अटीच्या योजनेत शाळा सुटली की पैसाही तुटतो, म्हणजे जिला सगळ्यांत जास्त गरज तीच बाहेर फेकली जाते. बिनअटीचा पैसा तिच्यापर्यंत पोचत राहिला.

दुसरा मोरोक्कोचा. 'तैसीर' नावाची योजना, रक्कम घरखर्चाच्या ५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे मेक्सिकोच्या मानाने अगदी किरकोळ. पण 'हे मुलाच्या शाळेसाठी' असं सांगून दिलेली, आणि नावनोंदणी शाळेतच, मुख्याध्यापकाकडे. परिणाम मोठा निघाला. वर हजेरीची अट जोडून पाहिली तर त्याने जास्तीचं काही हाती लागलं नाही. पैशावर नाव काय लिहिलंय याला वजन असतं.

केनियात नुसते पैसे दिले, कसलंही नाव न देता. घराचं छप्पर, जनावरं, जेवण सुधारलं. शाळेच्या आकड्यांत दखल घेण्याजोगा फरक दिसला नाही. लाडकी बहीणची रचना या तिसऱ्या प्रकारच्या जवळ जाणारी आहे. तिच्याकडून पोषण सुधारावं, उधारी कमी व्हावी, बाईचा घरातला शब्द वाढावा अशी अपेक्षा धरणं रास्त. नववीची गळती थांबेल अशी अपेक्षा धरायला आधार कमी.

---

शंकासुर

अटीचा इतका पुळका असेल तर हजेरीचं पुस्तक कोण लिहितं ते आधी सांगा. ७५ टक्के हजेरी नसेल तर मुलीचे पैसे बुडणार हे माहीत असताना कोणता मास्तर लाल शाईने 'गै' मारेल?

---

खडूफळा

मारत नाही, खरं आहे. हजेरीवर पैसा टांगला की पहिल्यांदा हजेरीचा आकडा बिघडतो. त्यापेक्षा नाव घातलं की पैसा आणि पुढच्या वर्गात गेलं की पैसा, ही अट तपासायला सोपी. दाखल-खारीज रजिस्टर आणि टीसी रोज बदलता येत नाहीत.

---

सेतू_खिडकी

वरचे सगळे विचार ठीक, पण पैसा मंजूर होऊनही खात्यात न पडणं ही वेगळीच गळती आहे. खिडकीवर रोजची तक्रार: 'यादीत नाव आहे, पैसे नाहीत.' कारणं बहुतेक ठरलेली असतात, म्हणून क्रमाने लिहितो.

बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे झालं, असा समज असतो. खात्याला आधार जोडणं वेगळं आणि एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणारी संस्था) नोंदीत तुमचा आधार कोणत्या बँकेकडे दाखवतो ते वेगळं. थेट लाभाचा (डीबीटी) पैसा खाते क्रमांक बघत नाही, आधार क्रमांक बघतो आणि शेवटी ज्या बँकेत सीडिंग (म्हणजे ही नोंद) झालं त्या बँकेत जातो. अर्जावर जिल्हा बँकेचं खातं लिहिलंय, पण मधे कोणी गावात येऊन नवं खातं काढून दिलं असेल तर पैसा त्या नव्या खात्यात जाऊन पडलेला असतो. घरच्यांना त्या खात्याचं पासबुकही माहीत नसतं.

तपासायचं असं. 'माय आधार' संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून आत जा, 'बँक सीडिंग स्टेटस' दाबा. बँकेचं नाव आणि पुढे सक्रिय की निष्क्रिय ते दिसतं. नाव भलतंच असेल तर हव्या त्या शाखेत जाऊन सीडिंगचा संमतीचा फॉर्म भरायचा. 'लिंक करा' म्हणू नका, 'डीबीटीसाठी सीडिंग करा' म्हणा, नाहीतर बाबू केवायसी करून पाठवून देतो. शाखा लांब असेल तर पोस्टमनकडून इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं आधारवर निघतं.

मुलांच्या बाबतीत आणखी तीन खड्डे:

आधारचे ठसे. ५ वर्षं आणि १५ वर्षं पूर्ण झाल्यावर बोटांचे ठसे आणि बुबुळ पुन्हा द्यावे लागतात. १५ ते १७ या वयात हे फुकट आहे. नववी-दहावीतल्या मुलाचं हे राहिलं की अंगठा लागत नाही आणि सगळीकडे अडतं. ओटीपी येणारा मोबाइल नंबर बंद पडलेला असतो, तोही त्याच वेळी बदलून घ्या.

नाव. शाळेच्या रजिस्टरात आडनाव आधी, आधारवर बापाचं नाव गाळलेलं, पासबुकावर घरातलं लाडाचं नाव. संगणकाला ही तीन वेगळी माणसं. रजिस्टरातलं नाव बदलायला मुख्याध्यापकाचा प्रस्ताव वर जातो आणि वेळ लागतो. आधार बदलणं त्यामानाने सोपं. म्हणून रजिस्टर प्रमाण धरा, आधार त्याच्याप्रमाणे करा, आणि मग आधारप्रमाणे पासबुक. उलटा क्रम धरला की दोनदा चकरा.

झोपलेलं खातं. दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं. रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२४ पासून लागू असलेल्या नियमाप्रमाणे शिष्यवृत्ती आणि सरकारी लाभासाठी काढलेली शून्य शिल्लक खाती या कारणाने निष्क्रिय ठरवायची नाहीत. पण खातं तसं नोंदलेलं आहे का, ते शाखेत विचारून घ्या. आणि मुलगा-मुलगी १८ ची झाली की अज्ञानाचं खातं सज्ञान करून घ्यावं लागतं, नव्याने केवायसी आणि सही देऊन. बारावीत नेमका तिथेच पैसा अडकतो.

---

धुरकरी

गणवेशाची गोष्ट राह्यली. २०१७-१८ मध्ये शाळेनं कापड देणं बंद करून दोन गणवेशाचे ४०० रुपये पोराच्या खात्यात टाकाचं ठरलं होतं. खातं पोराचं अन् मायचं संयुक्त. खातं उघडाले मजुरी बुडवून दोन चकरा, काही ठिकाणी बँक म्हणे पाचशे-हजार शिल्लक ठेवा. चारशेसाठी हजार! पुढच्या वर्षी पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे गेलं काम. रोख सगळ्या ठिकाणी बरी असते असं नाई. कापड गावात मिळत नसन तर नोट घालून जाणार काय अंगात?

---

लालडबा

अंतराचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. बिहारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकलसाठी २००० रुपये दिले. अभ्यासात दिसलं की योग्य वयात माध्यमिकला जाणाऱ्या मुली ३२ टक्क्यांनी वाढल्या आणि मुला-मुलींतली दरी ४० टक्क्यांनी घटली. फरक मुख्यतः तिथे, जिथे शाळा ३ किलोमीटरहून लांब होती. हा पैसा होता, पण चाकावरचा पैसा. मुली घोळक्याने सायकलवर निघाल्या की घरच्यांची 'एकटी कशी पाठवू' ही शंकाही निम्मी होते.

आपल्याकडे मागास तालुक्यांसाठीच्या मानव विकास कार्यक्रमात १२५ तालुके आहेत, त्यांत विदर्भातले बरेच. आठवी ते बारावीच्या मुलींना सायकल, रक्कम आधी ३५०० होती, २०२२ पासून ५०००. पहिला हप्ता ३५०० आगाऊ खात्यात, सायकल घेतल्याची पावती दिल्यावर उरलेले १५००. पावती मुलीच्या नावाने आणि दुकानाच्या शिक्क्याची हवी. कच्च्या चिठ्ठीवर दुसरा हप्ता अडतो. अट अशी की घर शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत हवं. त्यापुढच्या मुलींसाठी मानव विकासच्या निळ्या बस, आणि ग्रामीण मुलींना पाचवी ते बारावी एसटीचा पास मोफत.

गंमत कुठे होते बघा. गाव शाळेपासून ६-७ किलोमीटरवर, आणि बस फक्त हमरस्त्याने जाते, गावात शिरत नाही. सायकल नियमात बसत नाही, पास फुकट आहे पण दाखवायला गाडी नाही. अशी गावं प्रत्येक तालुक्यात चार-दोन सापडतात. मुलग्यांना तर पास फुकटही नाही, सवलतीत एक तृतीयांश भाडं भरावं लागतं. आठवीपर्यंतच्या मुलांना समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला ६ हजारांपर्यंत वाहतूक भत्ता आहे, पहिली ते पाचवीला शाळा १ किलोमीटरपलीकडे आणि सहावी ते आठवीला ३ किलोमीटरपलीकडे असेल तर. प्रस्ताव शाळेकडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो, अंतराच्या दाखल्यासह. वेळेत गेला नाही तर वर्ष गेलं.

---

मोहफूल

गडचिरोली-चंद्रपूरच्या सीमेवरून जानेवारीनंतर मिरची तोडायला तेलंगणात जाणारी कुटुंबं, आणि मेळघाटातून दिवाळी झाली की बाहेर पडून होळीला परतणारी. त्यांच्यासाठी वरचं गणित वेगळं. घर सोडून जाणाऱ्याचा पैसा खात्यात पडत राहतो, अंगठ्याने तिकडेही निघतो. पण मूल कुठे राहतं? आजी असेल तर गावात, नसेल तर मिरचीच्या वावरात.

इथे हंगामी वसतिगृह कामाचं. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीने स्थलांतर होणार त्या मुलांची यादी आधीच करायची असते. लोक निघून गेल्यावर यादी करून उपयोग नाही, दसऱ्याच्या आधी प्रस्ताव हवा. जी मुलं जातातच त्यांना शिक्षण हमी कार्ड द्यायचं, म्हणजे तिथल्या शाळेत बसता येतं आणि परत आल्यावर पटावर घेता येतं. पण तेलंगणात शाळा तेलुगू, त्यामुळे कार्ड खिशात आणि पोरगं वावरात, असंही होतं. कार्डाचा खरा फायदा परतीला आहे. नाव कटलेलं नसतं.

---

शंकासुर

समजा टिकली शाळेत. शिकतात का?

---

वर्धाकाठ

पैशाने हजेरी वाढते, गुण क्वचितच. कंबोडियातल्या शिष्यवृत्तीत मुलं शाळेत जास्त आली, चाचणीत फरक दिसला नाही. पैसा मुलाला वर्गाच्या दारापर्यंत आणतो. आत शिक्षक आहे की तीन वर्ग एकत्र बसलेत, ते पैशाच्या हातात नाही. त्याचं ओझं रोख योजनेवर टाकू नका.

---

उंबरा

धुरकरींच्या तराजूत खरंच वजन टाकणारी एक योजना आहे, तिचं नाव कमी घेतलं जातं. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना, २०२३ पासून मुलामागे महिन्याला २२५०. वर्षाचे २७ हजार. वेचाईच्या ६-८ हजारांपुढे हे भरतं. एक किंवा दोन्ही पालक गेलेली, किंवा पालक गंभीर आजारी असलेली ० ते १८ वयाची मुलं यात येतात. आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबातली मुलंही. अशा घरांना पात्र प्रकरणात वेगळी १ लाखाची मदत मिळते, ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. ते ३० हजार उधारी फेडण्यात संपतात, आणि मोठं पोरगं त्याच वर्षी शाळा सोडतं.

अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात. कागद: मूल आणि पालकाचं आधार, जन्माचा दाखला किंवा बोनाफाइड, मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, तहसीलचा उत्पन्न दाखला, बँक पासबुक, आणि पालकासोबत मुलाचा घरासमोर काढलेला फोटो. मग गृहचौकशीला कार्यकर्ता घरी येतो. त्यानंतर मुलाला घेऊन बालकल्याण समितीपुढे उभं राहावं लागतं, आणि समितीचा आदेश निघाला की पैसे सुरू. लोक इथेच थकतात, कारण समिती जिल्ह्याच्या ठिकाणी, एक दिवसाची मजुरी आणि दोघांचं भाडं. कागद पूर्ण आहेत हे फोनवर विचारूनच निघा.

दुसरी वाट मिशन वात्सल्यमधली प्रायोजकत्व योजना. महिन्याला ४०००, ग्रामीण भागात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ७२ हजारांच्या आत हवं. एका मुलाला दोन्हींपैकी एकच. अर्ज करताना बालसंरक्षण कक्षात विचारा की आत्ता कशात जागा आहे.

दोन्हींचा दोष एकच. पैसा महिन्याच्या महिन्याला येत नाही, साचून येतो. घराला मासिक आधार म्हणून तो धरता येत नाही. पण साचलेली रक्कम जूनमध्ये पडली तर उलट कामाला येते, हेही खरं.

---

खडूफळा

आणि ज्या घरात दोन्ही पालक आहेत पण गरिबी आहे, त्यांच्यासाठी नववीच्या सांध्यावर सगळ्यांत उपयोगी एनएमएमएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलांची राष्ट्रीय शिष्यवृत्ती. आठवीत परीक्षा, मग नववी ते बारावी दर वर्षी १२ हजार. अटी: जिल्हा परिषद, नगरपालिका, शासकीय किंवा अनुदानित शाळा, सातवीला ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातीला ५० टक्के), कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. दोन पेपर, बुद्धिमत्ता ९० आणि शालेय विषय ९० गुणांचे, पात्रतेला एकूण ४० टक्के (अनुसूचित जाती-जमातीला ३२ टक्के). महाराष्ट्राचा कोटा ११,६८२ चा. पात्र ठरूनही कोट्यात न बसलेल्या मराठा-कुणबी मुलांना सारथी या सरकारी संस्थेची वर्षाला ९६०० ची शिष्यवृत्ती आहे, विदर्भात कुणबी घरं भरपूर असूनही हे अनेकांना माहीत नसतं.

चुका कुठे होतात? निवड झाल्यावर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नववीत नव्याने अर्ज भरावा लागतो आणि पुढे दर वर्षी नूतनीकरण. पहिली शाळा म्हणते, मुलगी आता आमच्याकडे नाही. नवी शाळा म्हणते, परीक्षा त्यांनी घेतली. पोर्टलवर अर्ज नव्या शाळेच्या लॉगिनला पडताळला जातो, हे दोन्ही मुख्याध्यापकांना माहीत असलं पाहिजे. नववीतून दहावीत पहिल्याच प्रयत्नात जायला हवं. दहावीला ६० टक्के, अनुसूचित जाती-जमातीला ५५. त्याखाली गेलं की अकरावी-बारावीचे २४ हजार गेले. बारावीपर्यंत याच रकमेवर भिस्त ठेवलेल्या घराला हे आठवीतच सांगून ठेवावं.

---

वर्धाकाठ

लेक लाडकी योजनेबद्दल व्यनित (खासगी निरोपात) विचारणा आली म्हणून इथेच लिहितो. ती १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या, पिवळ्या-केशरी कार्डाच्या घरांतल्या मुलींसाठी. जन्मल्यावर ५ हजार, पहिलीत ६, सहावीत ७, अकरावीत ८ आणि १८ व्या वर्षी ७५ हजार, मिळून १ लाख १ हजार. म्हणजे पहिलीतली पहिली तुकडी २०२९ च्या आसपास, सहावीतली २०३४ नंतर. आज आठवीत असलेल्या मुलीचा या योजनेशी संबंध नाही.

आणि रचनेत एक भोक राहिलं. सहावी ते अकरावी, मधे पाच वर्षं काही नाही. खडूफळा ज्याला खरा सांधा म्हणतात तो नेमका या पोकळीत पडतो. शेवटच्या मोठ्या रकमेबद्दल हरियाणाचा अनुभव बघण्यासारखा. तिथे १९९४ पासून 'अपनी बेटी अपना धन'मध्ये १८ पूर्ण आणि अविवाहित असेल तर २५ हजार अशी ठेव होती. तिथल्या मुली शाळेत थोड्या जास्त शिकल्या, पण लग्न १८ च्या पुढे फारसं सरकलं नाही. बऱ्याच घरांनी ती रक्कम लग्नाचीच सोय म्हणून धरली.

त्यापेक्षा कोलंबियातल्या बोगोटाचा प्रयोग मला जास्त पटतो. मासिक रकमेतला एक तृतीयांश भाग दर महिन्याला न देता मागे ठेवला आणि शाळेत नाव घालायच्या वेळी एकदम दिला. एकूण पैसा तेवढाच. हजेरी तशीच राहिली, आणि पुढच्या वर्गात नाव घालणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. एक खोच मात्र होती. ज्या घरात एकाच भावंडाला रक्कम मिळाली, तिथे दुसरं, विशेषतः बहीण, मागे पडलेली दिसली. म्हणून एका घरातल्या एकाच मुलाची निवड करणाऱ्या योजनेबद्दल सावध राहा.

---

पळसपान (नवीन सदस्य)

उपयुक्त धागा. एक प्रश्न. मुलगी एनएमएमएसमध्ये लागली, नववीत आहे, पोर्टलवर मंजूर दाखवतं. आईच्या नावाने ग्रामीण बँकेत, पोस्टात आणि एका खासगी बँकेत खाती आहेत, मुलीचं शाळेने काढलेलं आईसोबतचं संयुक्त खातं चौथं. पैसे कशात बघायचे?

---

सेतू_खिडकी

आईच्या तिन्ही खात्यांचा संबंध नाही. शिष्यवृत्ती मुलीच्या आधारवर येते, त्यामुळे सीडिंग मुलीच्या आधारचं बघा, आईचं नव्हे. संयुक्त खात्यात बँकेने कधीकधी पहिल्या नावाचा, म्हणजे आईचा आधार सीड केलेला असतो. मग मुलीच्या आधारला बँकच सापडत नाही आणि रक्कम परत जाते. मुलीचं स्वतंत्र खातं उघडा; दहा वर्षांवरच्या मुलांचं स्वतःच्या सहीचं खातं उघडता येतं. त्यावर तिच्याच आधारचं सीडिंग, आणि दोन-चार दिवसांनी माय आधारवर बँकेचं नाव दिसतंय का ते बघा. दिसल्यावरच शाळेला सांगा.

सोमवारी शाखेत जाताना मुलीला सोबत न्या, सही तिची लागते. तिचं आधार, बोनाफाइड, दोन फोटो आणि आईचं आधार घ्या. आणि १५ पूर्ण झाली असतील तर बँकेच्या आधी आधार केंद्रात ठसे देऊन या, नाहीतर मशीन पुन्हा घरी पाठवेल.